मान्य आहे, असे म्हटले कोणी?

दिवाळीनंतर इंदूरला मावशीकडे चार दिवस राहण्याचा योग आला. त्याच आठवड्यात तिच्या घरी नवा टीव्ही यावयाचा होता. ठरल्या दिवशी दुकानाकडून एक तरतरीत तरुण आला, त्याने भिंतीला भोके पाडली, संच टांगला, तारा जोडल्या आणि मग रिमोट हातात घेऊन पडद्यावर उमटणाऱ्या पाटीमागून पाटीवर तो भराभर ‘मान्य’चे बटण दाबीत गेला. चार पाट्या तरी गेल्या असतील. एकीवरची अक्षरे इतकी बारीक होती की, चष्मा लावूनही ती मला वाचता येईनात. ‘‘अहो, हे काय विचारीत होता तो?’’ असे मी म्हणालो. ‘‘काही नाही काका, हे असंच असतं; सगळेच दाबतात,’’ असे म्हणून त्याने हात झटकले, मावशीने केलेला चहा घेतला आणि तो पुढच्या घरी गेला.

त्याचा काही दोष आहे असे मी म्हणणार नाही. दिवसाकाठी अनेक घरे त्याला उरकावयाची असतात. परंतु तो गेल्यावर मनात एक प्रश्न राहिला, आणि तोच आज आपणांपुढे मांडावयाचा आहे. त्या पाट्यांवर संमती मागितली होती ती घरच्या माणसांची. घरात माणसे पाच. त्यांपैकी एकाही माणसाने ती दिली नाही. ज्याने दिली तो त्या घरात पुरता तासभरही नव्हता. मग ही संमती कोणाची झाली?

ज्यांनी रेडिओचा जमाना पाहिला आहे त्यांस आठवत असेल की, तेव्हा रेडिओ घरी आणावयाचा तर पोस्टातून परवाना काढावा लागे आणि दरसाल शुल्क भरून त्याचे नूतनीकरण करून घ्यावे लागे. 1980 च्या दशकात ती पद्धत बंद झाली. या घरी रेडिओ आहे, एवढे सरकारदरबारी ठाऊक असे. परंतु त्यावर तुम्ही कीर्तन ऐकता की क्रिकेटचे धावते वर्णन, की रात्री उशिरा दिवा मालवून सिलोनची गाणी, हे कोणालाही कळण्याचा मार्ग नव्हता. कारण रेडिओला कान नव्हते, त्याला फक्त तोंड होते. 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीत आणि 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबईत दूरचित्रवाणी सुरू झाली, ती याच जातीची. लहरी घरात येत, घरातून काही बाहेर जात नसे. आजचा संच मात्र इंटरनेटला जोडलेला असतो आणि त्या तारेवरून, किंवा बिनतारी वाटेवरून म्हणा, येणे आणि जाणे दोन्ही चालते. पेटी तशीच दिसते, कोपराही तोच असतो. म्हणून हा फरक आपल्या लक्षात येत नाही.

ही वस्तू आपल्या दिवाणखान्यात कोणत्या हेतूने आली, हे समजण्यासाठी एका मोठ्या कंपनीचा 2012 सालचा उद्योग पाहण्यासारखा आहे. गूगल ही कंपनी मूळची शोधाची. आपण विचारावे, तिने उत्तर शोधून द्यावे. उत्तरासाठी ती पैसे घेत नाही. तिचे पोट भरते ते जाहिरातींवर. 2024 सालीदेखील तिची मातृसंस्था अल्फाबेट हिच्या महसुलाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जाहिरातींतूनच आला. जाहिरात योग्य माणसापुढे योग्य वेळी ठेवावयाची तर त्या माणसाच्या आवडीनिवडी माहीत असणे, हेच या व्यापाराचे भांडवल. संगणकापुढे बसलेला माणूस या कंपनीच्या ओळखीचा झाला होता, पुढे खिशातल्या फोनमुळे रस्त्यावरचाही झाला. राहिला तो संध्याकाळी पाय पसरून घरी बसलेला माणूस.

2012 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या वॉल स्ट्रीट जर्नलने बातमी दिली की, ही कंपनी घरगुती करमणुकीचे स्वतःचे यंत्र तयार करीत आहे. लगोलग 1 मार्च 2012 पासून कंपनीने आपल्या साठाहून अधिक निरनिराळ्या सेवांची गोपनीयतेची धोरणे मोडून त्यांच्या जागी मुख्यतः एकच धोरण लागू केले. याचा साधा अर्थ असा की, पत्रव्यवहाराच्या सेवेत मिळालेली माहिती आणि चित्रफिती पाहताना मिळालेली माहिती यांमधल्या भिंती पडल्या. फ्रान्सच्या नियामक संस्थेने पुढे, जानेवारी 2014 मध्ये, याच धोरणाबद्दल कंपनीस 1,50,000 युरोंचा दंड केला. एवढ्या मोठ्या कंपनीला तो म्हणजे आपल्याकडे सायकलला दिवा नसल्याबद्दल व्हावा तसा दंड. पण चूक नोंदली गेली.

जून 2012 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ते यंत्र लोकांपुढे आले. नेक्सस क्यू हे त्याचे नाव. आकार काळ्या चेंडूसारखा, किंमत 299 डॉलर. फोनवरून हुकूम करावा आणि त्याने टीव्हीवर चित्रे, ध्वनिवर्धकावर गाणी लावावीत, एवढेच त्याचे काम. त्या मानाने किंमत फार, अशी ओरड झाली. महिना-दीड महिन्यात विक्री लांबणीवर पडली आणि ज्यांनी आगाऊ मागणी नोंदविली होती त्यांस ते यंत्र फुकट देण्यात आले. बाजारात ते कधी आलेच नाही. त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एका वेगळ्या प्रकरणात कंपनीकडून 2 कोटी 25 लाख डॉलर दंड वसूल करण्याचे ठरविले. ॲपलच्या सफारी ब्राउझरमधून इंटरनेट पाहणाऱ्यांना ‘तुमचा माग काढला जाणार नाही’ असे सांगून प्रत्यक्षात तो काढला गेला, हा तेथे आरोप होता.

चेंडू बुडाला, पण कल्पना बुडाली नाही. वर्षभरातच, जुलै 2013 मध्ये, कंपनीने अंगठ्याएवढे एक यंत्र आणले, क्रोमकास्ट, आणि त्याची किंमत ठेविली 35 डॉलर. 299 चे 35 झाले! ते हातोहात खपले. जानेवारी 2014 मध्ये घरातील तपमान राखणारी यंत्रे करणारी नेस्ट ही कंपनी 320 कोटी डॉलरांना विकत घेण्याचा करार झाला. 2016 मध्ये बोलता ऐकणारा गूगल होम आला, तो एप्रिल 2018 मध्ये भारतातही विक्रीस आला. आणि त्याच वर्षी फोनवरील गूगलच्या बोलत्या सहायकाला मराठीही शिकविण्यात आली. आपल्या भाषेला स्थान मिळाले याचा आनंद मलाही झाला, तो मी लपवीत नाही. डोळ्यांनी अधू झालेल्या माणसाला बोटे न चालविता हवे ते भजन ऐकावयास मिळते, ही काही लहान सोय नव्हे.

परंतु वस्तू स्वस्त का झाली, हे ग्राहकाने विचारले पाहिजे. आपल्या आया-आज्या बाजारात स्वस्त वांगी दिसली की ती उलटून किडीचे भोक पाहात, तसे. वस्तूची किंमत कमी ठेवून विक्रेता नुकसान सोसतो, असे जगात क्वचितच घडते. दुसरीकडून ते भरून निघत असते.

हे ‘दुसरीकडून’ म्हणजे काय, त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण गूगलचे नव्हे, व्हिझिओ या अमेरिकन टीव्ही कंपनीचे आहे. फेब्रुवारी 2017 मध्ये फेडरल ट्रेड कमिशन आणि न्यू जर्सी राज्य यांनी तिच्याविरुद्ध तक्रार मांडली आणि 22 लाख डॉलर देऊन ती मिटविण्यात आली. तक्रारीत जे वर्णन आहे ते मुळातून समजून घेण्याजोगे आहे. फेब्रुवारी 2014 पासून या कंपनीचे संच पडद्यावरच्या चित्रातील ठरावीक ठिपके सेकंदासेकंदाला टिपीत. त्या ठिपक्यांवरून चित्राचा जणू अंगठ्याचा ठसा तयार होई. तो ठसा दूरच्या साठ्यातील चित्रपट, मालिका, जाहिराती यांच्या ठशांशी ताडून पाहिला की, त्या घरी त्या क्षणी काय चालू आहे ते कळे. मग ते चित्र केबलवरून आलेले असो, डीव्हीडीवरून असो की छपरावरच्या अँटेनावरून असो. संच विकत घेताना ही सोय ज्यांत नव्हती अशा जुन्या संचांतही ती मागाहून दुरूनच घालण्यात आली. एकूण संच 1 कोटी 10 लाखांच्या घरात आणि दिवसाला जमणाऱ्या नोंदी 10 हजार कोटींपर्यंत.

पुढची पायरी अधिक विचार करावयास लावणारी आहे. या नोंदी घराच्या इंटरनेट-पत्त्यासह इतर कंपन्यांना विकल्या जात आणि त्या पत्त्याला वय, लिंग, मिळकत, शिक्षण, विवाहित की अविवाहित, घरात माणसे किती, घर स्वतःचे की भाड्याचे, असे तपशील जोडले जात. कुटुंबाचे नाव जोडावयाचे नाही, अशी अट खरेदीदारांवर होती. पण वाचकहो, गावात टपाल वाटणाऱ्याला नाव झाकलेले पाकीट दिले आणि ‘पिंपळाजवळचे कौलारू घर, शिक्षक, तीन मुली, मिळकत इतकी’ एवढे सांगितले, तर तो पाकीट पोचविणार नाही काय? आणि हे सर्व ज्या सोयीखाली चाले तिचे संचावरील वर्णन काय होते, तर कार्यक्रमांविषयी सूचना आणि सवलती मिळण्याची व्यवस्था!

धंद्याच्या दृष्टीने पाहता व्हिझिओचे गणित चुकले नाही. दंड भरल्यानंतर परवानगी विचारून हेच काम चालू राहिले आणि 2021 च्या तिसऱ्या तिमाहीत जाहिराती, वर्गण्या व माहिती यांवरचा तिचा ढोबळ नफा टीव्ही विकण्यावरच्या नफ्याच्या दुपटीहून अधिक होता. टीव्ही हे दुकान नव्हते, दुकानाचा उंबरठा होता. 2024 अखेर वॉलमार्ट या महाकाय किरकोळ विक्रेत्याने ही कंपनी सुमारे 230 कोटी डॉलरांना घेतली. पीठ, साबण आणि पायमोजे विकणाऱ्याला टीव्हीची कंपनी कशासाठी हवी, हे आता वेगळे सांगण्याची गरज नाही.

आपण म्हणाल, हे अमेरिकेतले आणि एका कंपनीपुरते. तसे नाही. लंडन, कॅलिफोर्निया आणि माद्रिद येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी 2024 साली ब्रिटन व अमेरिका येथे सॅमसंग आणि एलजी यांचे संच तपासले. ज्या ठिकाणी ही ओळख चालू होती तेथे एलजीचा संच दर 15 सेकंदांनी आणि सॅमसंगचा दर मिनिटाला ठसे पाठवीत असल्याचे त्यांस दिसले. इतकेच नव्हे, तर लॅपटॉप तारेने जोडून टीव्ही केवळ मोठा पडदा म्हणून वापरला तरी ते चालूच राहिले. मुलाने त्यावर लग्नाचे फोटो दाखविले, कोणी डॉक्टरांचे कागद उघडून पाहिले, तरी संच आपला ठसे घेतोच आहे. त्या ठशावरून तुमचे खाजगी चित्र परत उभे करता येते असे नव्हे; साठ्यात जुळणारे काही सापडले नाही तर त्यातून काही अर्थही निघत नाही. भीती अकारण वाढवू नये म्हणून हे सांगितले पाहिजे. आणि त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तर त्याहून महत्त्वाची. सेटिंग्जमध्ये जाऊन ही सोय बंद केली, तेव्हा ती खरोखर बंद झाली. म्हणजे किल्ली आहे, आणि ती चालते. फक्त ती अशा ठिकाणी टांगली आहे की, शोधल्यावाचून सापडू नये.

ऐकणाऱ्या यंत्रांची गोष्ट थोडी निराळी. ‘ओके गूगल’ म्हटल्यावरच यंत्राने जागे व्हावे, असा संकेत आहे. पण कान उघडे असल्यावाचून हाक ऐकू यावी कशी? म्हणून ते सदैव कान देऊन असते आणि हाकेचा भास झाला तरी ध्वनिमुद्रण करून पाठविते. जुलै 2019 मध्ये बेल्जियमच्या व्हीआरटी या वाहिनीच्या हाती अशी हजाराहून अधिक मुद्रणे लागली. त्यांपैकी 153 अशी होती की, ती मुळात व्हावयासच नको होती. घरातली भांडणे, शयनगृहातली बोलणी, पत्ते. भाषा सुधारण्यासाठी नेमलेली माणसे ही मुद्रणे ऐकत. सुमारे 0.2 टक्के मुद्रणेच अशी माणसांकडून तपासली जातात, असे गूगलने सांगितले, आणि त्या वर्षीच पुढे अशा तपासणीसाठी आधी परवानगी घेण्याचे ठरविले. याच साली आणखी एक गोष्ट उघडकीस आली. नेस्ट सिक्युअर या घराच्या राखणदार यंत्रात ध्वनिग्राहक होता आणि वस्तूच्या वर्णनपत्रात त्याचा उल्लेखच नव्हता. तो गुप्त ठेवण्याचा हेतू नव्हता, उल्लेख राहून गेला ही चूक, असा खुलासा कंपनीने केला; तो कधी वापरला गेला नव्हता, असेही सांगितले. हा खुलासा मी खरा धरून चालतो. तरीही घरात कान आणून ठेवावा आणि घरच्यांना ते सांगण्याचे राहून जावे, या विसराळूपणाला काय म्हणावे?

कंपनीने 2019 मध्ये असेही आश्वासन दिले की, घरातील यंत्रांची ध्वनिमुद्रणे व चित्रमुद्रणे जाहिरातींसाठी वापरली जाणार नाहीत. मात्र तुम्ही यंत्राशी जे बोललात त्याचा मजकूर जाहिराती निवडण्यास उपयोगात येऊ शकेल. आवाज तुमचा, शब्द आमचा, अशी ही वाटणी!

आता आपल्या देशाकडे वळू. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने निर्णय दिला की, खाजगीपण हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. हा दावा चालविणारे के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. वयाची नव्वदी गाठल्यावर त्यांनी हा निकाल पाहिला. त्यानंतर 2023 च्या ऑगस्टमध्ये अंकीय स्वरूपातील व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि 2025 च्या नोव्हेंबरात त्याचे नियम प्रसिद्ध झाले. मात्र कंपन्यांवरची मुख्य बंधने नियमांनंतर 18 महिन्यांनी, म्हणजे 2027 च्या मध्याकडे, अमलात यावयाची असे ठरले.

या कायद्यातील तीन गोष्टी गृहिणींनी आणि वडीलधाऱ्यांनी ध्यानात ठेवाव्यात. पहिली म्हणजे, संमती मोकळेपणाने, माहिती समजून आणि ठरावीक कामापुरती दिलेली असली पाहिजे, आणि जितक्या सहज ती दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. दुसरी, अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत आईबापांची पडताळता येण्याजोगी संमती हवी, आणि मुलांच्या हालचालींवर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती दाखविण्यास मनाई आहे. सरकारने घालून दिलेले काही अपवाद सोडून. तिसरी मला फार मोलाची वाटते. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय ग्राहकास दिली पाहिजे, असे कायदा म्हणतो. त्या परिशिष्टात 22 भाषा आहेत आणि मराठी त्यांत आहे. तंजावरला, बडोद्याला, बेळगावला वा ग्वाल्हेरला राहणारा आपला मराठी वाचक आपल्या भाषेत ती पाटी मागू शकेल. मोठी तरतूद म्हणतात ती ही. परंतु पाटी मराठीत आली आणि वाचण्यापूर्वीच दुकानाच्या माणसाने बटण दाबले, तर कायद्याने तरी काय करावे?

म्हणून मावशीकडे परत जातो. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणे झाल्यावर, आम्ही दोघे रिमोट घेऊन बसलो. सेटिंग्ज, मग त्यात गोपनीयता वा अटी या नावाचे पान. आपल्या संचावर नावे निरनिराळी आढळतील. सॅमसंगच्या संचांत ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’, एलजीच्या अनेक संचांत ‘लाइव्ह प्लस’, अशी नावे ह्या ओळखीला दिलेली आहेत. ‘आवडीनुसार जाहिराती’ आणि ‘आवाज ओळखणे’ यांच्या खुणा बहुधा जवळपासच असतात. नावे अशी गोड की, बंद करताना आपणच काही गमावीत आहो असे वाटावे. मावशीने एकेक ओळ मला मोठ्याने वाचावयास लाविली. जेथे अर्थ कळला नाही तेथे ‘‘पुन्हा वाच’’ म्हणाली. एके ठिकाणी मलाच अर्थ सांगता येईना, तेव्हा ती म्हणाली, ‘‘तुला कळत नाही, मला कळत नाही, मग हो कशाला म्हणायचं?’’ आणि ती खूण तिने काढून टाकिली.

सर्व उरकावयास पाऊण तास लागला. आवाजाची सोय मात्र तिने ठेवली. काकांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बटणे दिसत नाहीत, आणि बोलून अभंग लावता येतात याचे त्यांना फार अप्रूप आहे. ‘‘हे आपण जाणून ठेवलंय,’’ ती म्हणाली, ‘‘पण पाहुणे आले की त्यांना सांगावं लागेल.’’ सायंकाळी संच लावला तेव्हा बातम्या नेहमीसारख्याच लागल्या. रात्री शेजारच्या सूनबाई नवा टीव्ही पाहावयास आल्या. मावशीने त्यांना आधी पोहे दिले, आणि मग रिमोटवर माईकचे चिन्ह असलेले बटण कोठे आहे ते दाखविले.